निव्वळ वजन

माझा दागिन्यांशी जो काही संबंध आला तो तारण म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत मी नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षं सोनेतारणाचं टेबल सांभाळलं. सांभाळलं म्हणजे काय, तर बँकेने नेमलेले सराफ यायचे, दागिना कसोटीवर घासायचे, काट्यावर ठेवायचे, त्यातून मणी, खडे, लाख आणि दोरा वजा करायचे आणि उरलेलं निव्वळ वजन फॉर्मवर लिहायचे. त्याखाली मी सही करायचो. एवढ्या सह्या केल्या की माणसाला आपोआप वाटायला लागतं, आपल्याला सोन्यातलं कळतं. त्यात आमचं गाव हुपरीच्या शेजारचं. चांदीचे पैंजण आणि करदोडे घडवणाऱ्या गावाचा वारा लहानपणापासून अंगावर घेतलाय म्हणजे कारागिरी रक्तात उतरलीच असणार, असा सोयीचा हिशेब मी मांडून ठेवला होता. प्रत्यक्षात घरात खिळा ठोकायचा झाला तर तो आमची ही ठोकते. मी स्टूल धरतो.

ही सगळी विद्वत्ता बरोबर घेऊन मी मुलीकडे डब्लिनला गेलो.

किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात जुने दागिने आहेत, हे तिच्या तोंडून चुकून निघून गेलं आणि मी हट्टच धरला. प्रवेश फुकट आहे म्हटल्यावर आयरिश संस्कृतीबद्दलचं माझं मत दारातच अनुकूल झालं. आत एका काचेच्या पेटीपुढे लोक देवळात बोलावं तसे हळू बोलत होते. पेटीत होता ‘तारा ब्रोच’. मी वाकून पाहिलं. नऊ सेंटिमीटरसुद्धा व्यास नसलेलं एक कडं, त्यात ओवलेली लांबलचक टाचणी आणि बाजूला लोंबणारी, चांदीच्या तारांची विणलेली साखळी. सातव्या शतकाच्या अखेरीला किंवा आठव्याच्या सुरुवातीला घडवलेली ही वस्तू, अंगावरचा झगा अडकवून ठेवायला.

मी खाकरलो आणि बँकेतल्या आवाजात मुलीला म्हणालो, “ढाळलेली चांदी आहे. वरून मुलामा. सोनं म्हणशील तर नावाला, पत्र्यासारखं. अंबर वजा कर, काच वजा कर. यावर कर्ज निघायचं नाही.”

शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने मुलीला विचारलं, “काय म्हणताहेत हे?” आमच्या मुलीला खोटं बोलता येत नाही, ते वळण हिने लावलंय. तिने शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. पहारेकरी इतका हसला की त्याला टोपी सावरावी लागली. मग त्याने मला माझा पूर्वज कोण ते सांगितलं.

१८५० साली मीथ परगण्यात बेटिसटाउनच्या समुद्रकिनाऱ्यावर हा ब्रोच मिळाला. पोरांना वाळूत सापडला, असं एका गरीब बाईने सांगितलं. जमीनमालकाने हक्क सांगू नये म्हणून तिने समुद्राचं नाव पुढे केलं असावं, अशी शंका तेव्हापासून आहे. बाई तो घेऊन ड्रॉइडामधल्या एका जुन्या लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्याने हातात तोलून पाहिला आणि इतकी हलकी, फालतू वस्तू आपण घेत नाही म्हणून परत केला. पुढे गावातल्या एका घड्याळजीने तो काही पेनींना घेतला, साफ केला आणि डब्लिनच्या जॉर्ज वॉटरहाउस नावाच्या जवाहिऱ्याला विकला. जितक्या पेनी दिल्या जवळपास तितके पौंड त्याने कमावले, असं म्हणतात.

वॉटरहाउस मात्र खरा धंदेवाला. टेकडी बदलल्याने भाव बदलतो, हे त्याला कळत होतं. तारा ही जुन्या आयरिश राजाधिराजांची टेकडी, बेटिसटाउनपासून मैलोगणती आत. ब्रोचचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. याने बिनदिक्कत ‘तारा ब्रोच’ असं नाव ठेवलं, प्रतिकृती काढून दुकानात मांडल्या आणि १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात अस्सल नग झळकवला. शेवटी १८६८ साली रॉयल आयरिश अकादमीने तो २०० पौंडांना घेतला, तोही आयर्लंडबाहेर जाऊ द्यायचा नाही या अटीवर.

“तेव्हा,” पहारेकरी म्हणाला, “तुमच्या वडिलांना सांगा, लोखंडवाला फार दिवस एकटा होता.”

मुलीने संग्रहालयाच्या दुकानातून मोठाल्या छायाचित्रांचं एक पुस्तक घेऊन माझ्या हातात दिलं. ते फुकट नव्हतं. घरी येऊन भिंगाने बघत बसलो. ज्याला मी पत्र्यासारखं म्हटलं होतं ते खरंच पत्र्यासारखंच होतं, पण त्या नखाएवढ्या सोन्याच्या पत्र्यावर केसासारख्या तारा झाळून बसवल्या होत्या. काही तारा पीळ दिलेल्या, काही मुद्दाम दाबून मण्यांच्या सरीसारख्या केलेल्या, आणि मधेमधे सोन्याचे रवे. अशा तारांचे प्राणी केलेले. त्यांचे पाय एकमेकांत, माना मागे वळून स्वतःचीच पाठ चावताहेत, आणि हे सगळं एवढ्याशा कप्प्यात. झाळताना आच जरा जास्त झाली तर तारेचा ठिपका होतो. विजेचा दिवा नाही, गॅसची फुंकणी नाही. साखळी जिथे कड्याला जोडली आहे तिथे काचेचे दोन माणसांचे चेहरे आहेत, डाळीच्या दाण्याची आठवण व्हावी एवढे. मी पेटीपुढे उभा राहून “काच वजा” म्हणालो होतो. बहुधा त्यांनी ऐकलं असावं. भिंगाखाली ते माझ्याकडे रोखून बघत होते.

सगळ्यात छळलं ते मागच्या बाजूने. ही बाजू कपड्याला टेकणार. घालणाऱ्यालाही ती दिसायची नाही. आणि तिथेही कारागिराने चांदी-तांब्याच्या पट्ट्यांवर फिरक्यांची, भोवऱ्यांची नक्षी भरून ठेवलेली, पुढच्या बाजूइतक्याच निगुतीने. आम्ही बँकेत दागिना उलटा करायचो तो फक्त शिक्का बघायला. या कारागिराला मजुरी कशाच्या हिशेबाने दिली असेल, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. वजनाने दिली असेल तर तो उपाशी मेला असणार.

दुसऱ्या दिवशी मी जावयाला विचारलं, “हे सगळं शंभर टक्के केल्टिक ना?” आमचे जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी वाचून मग बोलतात. त्यांनी वाचलं आणि माझी शुद्धतेची हौसच मोडली. ऑस्ट्रियात हॉलश्टाट इथे मिठाच्या खाणीशेजारी १८४६पासून हजाराच्या आसपास थडगी खणून काढली गेली. स्वित्झर्लंडमध्ये ल तेन इथे १८५७ साली सरोवराचं पाणी ओसरलं आणि तलवारी-दागिने वर आले. ज्यांना आपण केल्ट म्हणतो त्या लोकांच्या कलेची नावं या दोन गावांवरून पडली. मागच्या बाजूचे भोवरे ल तेनच्या वळणाचे. पण एकमेकांत गुंतलेले प्राणी आले अँग्लो-सॅक्सन आणि इतर जर्मानिक लोकांकडून, आणि गाठींच्या पट्ट्या भूमध्य समुद्राकडून. म्हणजे दुकानात जी ‘केल्टिक गाठ’ मग, मोजे आणि किल्ल्यांच्या जुडग्यावर विकतात, ती मूळची केल्टिक नाहीच. बावीस कॅरेट केल्टिक असं काही नसतं, एवढं मात्र मी त्यातून घेतलं आणि पुढे भेटेल त्या आयरिश माणसाला ऐकवलं. कुणी दुसऱ्यांदा भेटलं नाही.

स्कॉटलंडच्या संग्रहालयात याच ब्रोचचं एक भावंड आहे. त्याला हंटर्स्टन ब्रोच म्हणतात. साधारण ७०० सालचं हे काम. पण पाठीवर दहाव्या शतकात कुणीतरी व्हायकिंगांच्या रून लिपीत खरडून ठेवलंय: हा ब्रोच मेलब्रिग्दाचा. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची वस्तू, आणि हा गृहस्थ टोकदार काहीतरी घेऊन लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालतात तसं नाव घालतो! ते वाचून हिला पहिल्यांदा केल्टिक कलेत गोडी वाटली. “माणसं शहाणी होती,” ती म्हणाली. “शेजारी दिलं की परत येत नाही.”

माझ्यासारख्याला दिलासा देणाऱ्याही गोष्टी त्या पुस्तकात होत्या. इंग्लंडमध्ये नॉर्फकच्या स्नेटिशॅमला १९४८ साली नांगराला पिळदार धातूची कडी लागली. ती पितळी पलंगाचा तुकडा समजून शेताच्या कडेला टाकून दिली होती. १९५०मध्ये तिथेच जे गळ्यातलं कडं मिळालं ते एक किलोहून थोडं जास्त, म्हणजे पंच्याऐंशी तोळ्यांच्या पुढे. चांदी मिसळलेलं सोनं, आठ-आठ तारांचे आठ पीळ, सगळे मिळून एक दोर, आणि टोकांना ओतीव गोळे. यावर मी डोळे मिटून सही केली असती. अर्थात डोळे मिटून सह्या करायची सवय बँकेतल्या तपासनिसाने माझ्या गोपनीय अहवालात आधीच नोंदवलेली आहे.

पण माझा खरा जीव अडकला तो ब्रॉयटरच्या खटल्यात. १८९६ साली उत्तर आयर्लंडमध्ये लॉक फॉइलच्या काठी नांगरताना सोन्याचा ठेवा सापडला. त्यात गळ्यातलं नक्षीचं पोकळ कडं, साखळ्या आणि एक सोन्याची होडी, वीतभर लांबीची, वल्ह्यांसकट. इसवीसनपूर्व पहिल्या शतकातलं हे काम. ठेवा हातोहाती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि आयरिश मंडळी खवळली. कोर्टात मुद्दा असा निघाला की, मालकाने तो परत काढायच्या इराद्याने पुरला असेल तर तो बेवारस खजिना, म्हणजे राजाचा. समुद्रदेवाला वाहिलेला असेल तर परत घ्यायचा इरादाच नव्हता. मग राजाचा हक्क नाही आणि म्युझियमची खरेदी वैध. राजाच्या बाजूने एडवर्ड कार्सन उभे होते. १९०३ साली निकाल लागला: देवाबिवाला वाहिलेलं नाही, खजिनाच आहे. होडी डब्लिनला परत आली. तारण की नैवेद्य, या एका प्रश्नावर एवढे मोठे वकील भांडले, हे वाचून माझ्या टेबलाची मला इतक्या वर्षांनी नव्याने किंमत वाटली. आमच्याकडेही कर्जदार व्याज भरेनासा झाला की आम्ही त्याच प्रश्नाशी येऊन थांबायचो.

जेवताना, अंघोळीहून आल्यावर, जावई मीटिंगमध्ये असताना, मी याच विषयावर बोलायला लागलो. वाढदिवस आला तेव्हा मुलीने एका कार्यशाळेत माझं नाव घातलं. एका दिवसात आपल्या हाताने ब्रोच घडवायचा. भेट होती की बदला, हे अजून स्पष्ट झालेलं नाही.

शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्याएवढ्या, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. समोर सगळी तरुण मुलं. ओळख करून देताना मी म्हणालो, “आय ॲम फ्रॉम द सिल्व्हर बेल्ट.” बाई आदराने माझ्याकडे बघू लागल्या. ती नजर दुपारच्या जेवणापर्यंत टिकली.

आधी नक्षी. बाईंनी जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाचं नाव सांगितलं. जुनी हस्तलिखितं आणि कोरीव दगड बघून बघून त्यांनी या गाठी कशा काढल्या असतील ते शोधलं आणि १९५१ साली त्याचं पुस्तक केलं. रीत अशी, की कागदावर ठिपक्यांची जाळी मांडायची. ठिपके म्हटल्यावर मी निवांत झालो. आमच्या दारात तीस वर्षं ठिपक्यांची रांगोळी निघतेय! बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी भराभर ठिपके जोडले. त्यातून जे निघालं ते हळदीकुंकवाला चाललं असतं. बाईंनी शांतपणे सांगितलं की, इथे रेषा ठिपक्याला शिवत नाही. दोन ठिपक्यांच्या मधून निघते, वळसा घालते, आणि दुसरी रेष आडवी आली की एकदा वरून, पुढच्या वेळी खालून. वर, खाली, वर, खाली, शेवटपर्यंत. एकदा चुकलं की सगळी वीण चुकते, आणि चूक कळते ती अगदी अखेरच्या टोकाला. माझ्या पट्टीत एकाच रेषेला सलग दोनदा वर जायची पाळी आली. मी म्हणालो, “कोण बघतंय?” बाई म्हणाल्या, “रेष बघते.” मला पहारेकऱ्याच्या टोपीची आठवण झाली.

मग त्यांनी मला बरं वाटावं म्हणून हाडांच्या तुकड्यांची चित्रं दाखवली. जुने आयरिश कारागीर धातूला हात घालण्याआधी हाडावर, पाटीच्या दगडावर नक्षी कोरून बघत. उत्खननात असे पुष्कळ तुकडे मिळालेत. काही सुरेख, काहींवर शिकाऊ पोराने अर्ध्यात सोडून दिलेल्या वाकड्या गाठी. हजार वर्षांपूर्वीचा तो मुलगा आता संग्रहालयात पोचलाय. मी माझा कागद घडी करून खिशात ठेवला. कुणी सांगावं!

आता धातू. चांदी महाग म्हणून नवशिक्यांना तांबं. तांब्याची सळई लाल होईपर्यंत तापवायची, पाण्यात बुडवायची, की ती मऊ पडते. मग ऐरणीवर ठोकून आकार द्यायचा. ठोकता ठोकता ती पुन्हा कडक होते. कडक झाली की पुन्हा तापवायची. मला हे पुन्हा पुन्हा तापवणं वेळकाढूपणा वाटला. मी ठोकतच राहिलो. सळईने बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग टोकाशी चिरली. हुपरीच्या वाऱ्याने त्या दिवशी दिशा बदललेली होती. बाईंनी तडा टाकणखार लावून झाळून दिला, तेही माझ्याकडे न बघता.

कडं पूर्ण मिटवायचं नाही, थोडी फट ठेवायची. त्या फटीतच या ब्रोचची सगळी युक्ती आहे. कापडाला चुणी घालून टाचणी आरपार न्यायची, तिचं टोक फटीतून वर काढायचं आणि कडं फिरवायचं. टोक कड्यावर येऊन बसतं, कापडाचा ताण त्याला दाबून धरतो, आणि फिरकी, मळसूत्र काही लागत नाही. तारा ब्रोचमध्ये ही फट भरून तिथेही नक्षी केली आहे. म्हणजे शोभा वाढली आणि युक्ती गेली. बाईंनी सांगितलं, टाचणी कड्यापेक्षा जरा लांब ठेवा, बाकीची कापा आणि टोक बोथट करा. मी साफ नकार दिला. जुन्या काळात टाचणी जेवढी लांब तेवढी माणसाची प्रतिष्ठा मोठी, हे मी वाचलं होतं. तारा ब्रोचची चांगली लांबसडक आहे. मी का कापू?

त्याच सुमाराला डब्लिनच्या मराठी मंडळींचा गणपती होता आणि आमचे व्याही नागपूरहून आलेले होते. सिल्कचा कुडता, वर शाल, आणि शालीला बरोब्बर छातीच्या मधोमध माझा ब्रोच, सगळ्यांना दिसेल असा. हॉलमध्ये शिरताच व्याही दोन्ही हात पसरून आले. लग्नातल्या व्याहीभेटीपासून त्यांना कडकडून मिठी मारायची सवय आहे. मीही हात पसरले. पुढचा क्षण आरतीच्या आवाजात झाकला गेला, पण “अगाई गं!” हे ताल सोडून आलेलं एक पद पहिल्या तीन रांगांना स्पष्ट ऐकू गेलं.

जखम विशेष नव्हती. मुलीने औषध लावलं आणि जावयांनी, अर्थातच, वाचलं. जुन्या आयरिश ब्रेहन कायद्यात ब्रोचच्या टाचणीचंसुद्धा कलम आहे म्हणे. पुरुषाने ब्रोच खांद्यावर आणि बाईने छातीवर नीट लावला असेल, टोक वाजवीपेक्षा बाहेर आलेलं नसेल, तर दुसऱ्याला लागल्यास घालणारा दोषी नाही. माझा ब्रोच बायकांच्या जागी होता आणि टोक कुठल्याही कायद्यात बसणारं नव्हतं. भरपाई किती? ती ज्याला लागलं त्याच्या मानपानावरून ठरायची. हे ऐकून व्याही सरसावून बसले. मुलाकडचे मानपान आम्ही लग्नात पुरते भोगले आहेत. त्याचा आयरिश कायद्याशी गुणाकार होईल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

“पैशाचं काय घेऊन बसलात, व्याहीबुवा,” ते मोठ्या मनाने म्हणाले. “हे मात्र ठेवून घेतो.” आणि माझ्या शालीवरचा ब्रोच काढून त्यांनी आपल्या खांद्यावर लावला. कायदेशीर जागी.

आता नागपूरच्या थंडीत तो त्यांच्या शालीवर असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला ते तो आयर्लंडच्या जमिनीतून निघालेला, हजारेक वर्षांचा नग म्हणून दाखवतात, आणि कडं वाकडं, गाठ चुकलेली, तडा झाळलेला, असं सगळं असल्यामुळे कुणी शंका घेत नाही. नावही त्यांनी ठेवलंय, ‘ताडोबा ब्रोच’. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, भारदस्त वाटतं. परवा फोन आला होता. विहीणबाईंसाठी दुसरा हवाय. टाचणी आखूड चालेल, पण दिसायला मात्र पहिल्यापेक्षा जुना पाहिजे.